रिमॅपच्या आधी लॉग वाचा, प्लग काढून बघा

टर्बो पेट्रोल गाडी घेऊन वर्ष झालं की मित्रांच्या गप्पांत 'स्टेज १' हा शब्द येतोच. लॅपटॉप जोडायचा, ईसीयूतली म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलायची (हाच रिमॅप) आणि तास-दोन तासांत पंचवीस-तीस हॉर्सपॉवर वाढवून घरी यायचं. जाहिरात खोटी असते असं नाही. टर्बो इंजिनात कारखान्याने थोडी मोकळीक राखून ठेवलेली असते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला की ती हाताला लागते. पण तुमच्या गाडीत, तुमच्या पंपावरच्या पेट्रोलवर, तुमच्या गावच्या उन्हात त्यातली किती शिल्लक आहे, हे फाइल विकणाऱ्याला ठाऊक नसतं. ते गाडीच्या लॉगमध्ये आणि स्पार्क प्लगवर उमटलेलं असतं. म्हणून माझं सरळ सांगणं असं, की रिमॅपचे पैसे देण्याआधी महिनाभर मूळ फाइलवरच लॉग घ्या आणि एकदा प्लग काढून बघा. बऱ्याच गाड्यांना रिमॅपची नव्हे, डागडुजीची गरज असल्याचं त्यात निघतं. फाटलेला होज किंवा दमलेली कॉइल बदलली, की हरवलेला पिकअप परत येतो.

उदाहरणासाठी आपल्याकडे सहज सापडणारं इंजिन घेऊ. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांतलं १.० टीएसआय. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं, कॉम्प्रेशन रेशो १०.५. पोलोत ते ११० पीएस देत होतं, व्हर्टस-टायगुनमध्ये ११५ पीएस. इथे जे सांगतो ते ह्युंदाईच्या १.० टर्बोला किंवा एखाद्या जुन्या ऑक्टेव्हियालाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

सगळा खेळ नॉकिंगचा आहे. प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते, आणि पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जाऊन तापत जातं. ज्वाला पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं, तर दाबाचा धक्का बसतो आणि खडखड आवाज येतो. टर्बो जितका जास्त दाब देईल तितकी ही शक्यता वाढते. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबाइल जेटफायर नावाची टर्बो गाडी आली. तिचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ होता आणि नॉकिंग आवरायला शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावं लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने इंजिनावर नॉक सेन्सर बसवला आणि खडखड ऐकू आली की बूस्ट आपोआप कमी करणारी 'एपीसी' प्रणाली आणली. आज जेटफायरपेक्षा जास्त कॉम्प्रेशन रेशो असलेलं इंजिन रोज ऑफिसला जातं, ते याच सेन्सरच्या आणि थेट फवारणीच्या जोरावर. सेन्सर ब्लॉकवर बोल्टने आवळलेला असतो आणि ठरावीक स्वराची कंपनं ऐकतो. आपल्या इंजिनाचा बोअर ७४.५ मिमी, म्हणजे तो स्वर साडेसात ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास. ईसीयूने तो ऐकला की त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकली जाते. हा उशीर म्हणजेच इग्निशन रिटार्ड. लॉगमधला सगळ्यात मोलाचा आकडा तोच.

आता तो मिळवायचा कसा? चारशे-पाचशे रुपयांचं ईएलएम३२७ ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं 'टॉर्क' अ‍ॅप यांवर सुरुवात होते. आरपीएम, मॅनिफोल्डमधला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, ठिणगीचा एकूण अंश, फ्युएल ट्रिम एवढं त्यात मिळतं. प्रत्येक सिलिंडरचा वेगळा रिटार्ड मात्र बहुधा मिळत नाही; त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांची भाषा जाणणारं सॉफ्टवेअर लागतं. फोक्सवॅगन-स्कोडासाठी रॉस-टेक या अमेरिकी कंपनीचं व्हीसीडीएस. जुनी मंडळी त्याला अजून व्हॅग-कॉमच म्हणतात. मित्सुबिशी इव्होवाले इव्होस्कॅन वापरतात, सुबारूवाले रोमरेडर, जीएम आणि फोर्डवाले एचपी ट्यूनर्स. व्हीसीडीएसच्या नकली केबल बाजारात भरपूर आहेत. गाडीच्या मेंदूशी बोलणाऱ्या वस्तूत पैसे वाचवण्यात मला शहाणपण दिसत नाही. त्यापेक्षा अस्सल केबल असलेल्या गॅरेजला तासाचे पैसे द्या.

नवखा माणूस पहिल्या लॉगमध्ये सापडतील ते सगळे चॅनेल निवडतो. तिथेच लॉग वाया जातो. केबलमधून दर सेकंदाला ठरावीकच आकडे येऊ शकतात. ते बारा-पंधरा चॅनेलमध्ये वाटले तर प्रत्येकाचा वाटा इतका विरळ होतो की दोन नोंदींच्या मधे हजार आरपीएम निघून गेलेले असतात. नॉकिंग नेमकं त्याच फटीत होऊन जातं. म्हणून फेऱ्या वाटून घ्या. पहिल्या फेरीत आरपीएम, हवेचं तापमान आणि तिन्ही सिलिंडरचे रिटार्ड. दुसऱ्या फेरीत आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, थ्रॉटलचा कोन. तिसऱ्या फेरीत आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), पेट्रोलच्या रेलमधला दाब. आरपीएम प्रत्येक फेरीत हवाच, कारण तोच तिन्ही लॉग जोडणारा धागा. व्हीसीडीएसमध्ये आकड्यांची मागणी एकगठ्ठा करण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवला तर वेग बराच वाढतो.

फेरी म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून सहा हजारांपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. हे रस्त्यावर करायचं काम नाही. तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार आरपीएमला ही गाडी द्रुतगती मार्गाची १०० किमीची मर्यादा कधीच ओलांडून गेलेली असते, आणि चालवणाऱ्याचे डोळे लॅपटॉपवर असतील तर विषयच संपला. चासी डायनो असलेल्या गॅरेजमध्ये तासभर घ्या. तिथे रस्त्यासारखा वारा लागत नाही, तेव्हा मोठा पंखा आहे का ते आधी विचारा, नाहीतर तिसऱ्या फेरीपर्यंत इंजिन तापून आकडे बिघडतात. बंद ट्रॅकवर किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धेत भाग घेणार असाल, तर सोन्याहून पिवळं. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, टायरची हवा नेहमीची. फाइलच्या नावात तारीख, पेट्रोल आणि बाहेरचं तापमान लिहा. 'लॉग नवीन फायनल २' असं नाव दिलेली फाइल सहा महिन्यांनी कोणाच्याच उपयोगाची नसते.

लॉगची फाइल सीएसव्ही असते. एक्सेलमध्ये उघडून आरपीएम आडव्या अक्षावर घ्या, बाकीचं उभ्या. आधी बूस्ट बघा. इथे एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते: ईसीयू दाब निरपेक्ष मोजतो, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. समुद्रकाठी मुंबईत वातावरणाचा दाब १०१० मिलिबारच्या आसपास, पुण्यात साधारण ९५०, महाबळेश्वरला ८६० च्या जवळपास. लॉगमध्ये तिन्हीकडे १९०० मिलिबार दिसले, तरी मुंबईत टर्बोने ८९० ची भर घातलेली असते आणि महाबळेश्वरला १०४० ची. आकडा तोच, पण वर घाटमाथ्यावर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागलं आणि हवा जास्त तापली. मुंबईच्या डायनोवर बेतलेला मॅप पाचगणीच्या गाडीला जसाच्या तसा लावू नये तो यासाठी.

मागितलेला आणि मिळालेला बूस्ट कमी आरपीएमला जुळत नाही, ते स्वाभाविक आहे; टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. पण तीन हजारांच्या पुढेही मिळालेला बूस्ट सतत शंभर-दोनशे मिलिबार खाली राहिला, तर कुठेतरी हवा निसटते आहे. होजचे क्लॅम्प, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, वेस्टगेटची दांडी, या क्रमाने बघा. इंजिन सुरू असताना होजवर साबणाचं पाणी मारून फारसं हाती लागत नाही, कारण आयडलला आत दाब नसतो, ओढ असते. गॅरेजमध्ये धुराचं यंत्र असेल तर दहा मिनिटांत गळती सापडते. अशा गाडीवर रिमॅप चढवला, तर ईसीयू आणखी बूस्ट मागतो, टर्बो बिचारा गळक्या होजमधून तो द्यायला जिवाच्या आकांताने फिरतो आणि लवकर संपतो.

मग रिटार्ड. काही सॉफ्टवेअर तो उणे दाखवतात, काही अधिक. चिन्हाकडे नको, आकाराकडे बघा. एक ते तीन अंशांचा रिटार्ड मधूनमधून दिसला तर घाबरू नका. आधुनिक ईसीयू मुद्दाम नॉकिंगच्या काठावर चालतो, काठ कुठे आहे ते चाचपत. पाच-सहा अंश सगळ्याच सिलिंडरवर टिकून राहिले, तर काहीतरी नक्की चुकतं आहे. काय, ते आकड्यांचा आकार सांगतो. पहिल्या फेरीत ठीक आणि तिसऱ्या फेरीत जास्त, सोबत हवेचं तापमान चढलेलं, तर उष्णतेचा प्रश्न आहे. नवं पेट्रोल भरल्यावर सगळ्याच सिलिंडरवर एकदम वाढला, तर ऑक्टेनचा. आणि फक्त एकाच सिलिंडरवर दिसत असेल, बाकीचे दोन शांत, तर मॅपला दोष देऊ नका. त्या सिलिंडरचा प्लग काढा.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे ते गेल्या काही वर्षांत बदललं आहे. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेनचं 'एक्सपी१००' डिसेंबर २०२० मध्ये काही शहरांत आलं, त्याच कंपनीचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि साधं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं (ई२०) झालं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, त्यामुळे त्या बाजूने टर्बोवाल्यांचा तोटा नाही. पण ते जाळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा, इथेनॉलला नऊ, आणि ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त फवारावं लागतं. ई१० वरून ई२० वर आलेल्या गाडीत फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने फवारणीत केलेली दुरुस्ती, चारेक टक्के वर दिसेल, ते ठीक आहे. दहाच्या वर गेला तर हवेची गळती किंवा पेट्रोलचा अपुरा दाब शोधा. याच कारणासाठी जुन्या पद्धतीचे 'एएफआर' आकडे आता विसरावेत. मीटरवरचा १२.५ हा शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाचा असतो. लॅम्डा कोणत्याही इंधनाला सारखाच लागू पडतो: १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर थेट फवारणीची इंजिनं बरीच वर येईपर्यंत १ च्या जवळ राहतात आणि मग ०.८५-०.९ कडे झुकतात.

मॅप बनवून घेताना मात्र रोज जे पेट्रोल मिळतं, त्यावरच बनवा. शंभर ऑक्टेनवर बेतलेली गाडी गडचिरोलीकडे निघाली तर वाटेत ते पेट्रोल मिळणार नाही, आणि चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात सगळा भार नॉक सेन्सरवर पडेल. पेट्रोल बदललं तर टाकीभर चालवून मगच लॉग घ्या. ईसीयूलाही नवं इंधन ओळखायला वेळ लागतो.

आता प्लग. माझ्या मते या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. वाढीव बूस्टवर गाडी साडेतीन-चार हजार आरपीएमला धक्का देते, मिसिंग मारते, आणि मालक मॅपवाल्याला शिव्या देतो. बहुतेक वेळा कारण प्लगची फट असते. मध्यभागीचं इलेक्ट्रोड आणि वरची पट्टी यांच्यातली ही फट ओलांडायला लागणारं व्होल्टेज फटीच्या रुंदीबरोबर वाढतं आणि सिलिंडरमधल्या दाबाबरोबरही. बूस्ट वाढवला म्हणजे दाब वाढवला. कॉइल मात्र तीच आहे. तिची ताकद पुरेनाशी झाली की ठिणगी पडतच नाही. कमाल टॉर्कच्या आरपीएमला दाब सगळ्यात जास्त, म्हणून धक्काही तिथेच बसतो. आयडलला गाडी शहाण्यासारखी चालते. उपाय साधा आहे: मूळ ०.७-०.८ मिमीची फट ०.६ च्या आसपास आणायची. त्याहून खाली जाऊ नये, नाहीतर ठिणगी इतकी छोटी होते की आयडल खडबडीत होतो.

इथे लॉग वाचणाऱ्याला एक सापळा आहे. ठिणगी चुकली की ते पेट्रोल आणि तो ऑक्सिजन दोन्ही न जळता सायलेन्सरकडे जातात. लॅम्डा सेन्सर ऑक्सिजन मोजतो, म्हणून तो सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडलं. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं, तर प्लग आणखी काळा पडतो आणि मिसिंग आणखी वाढतं. लॅम्डा एकदम क्षणभर वर उडाला आणि लगेच खाली आला, तर मिसफायरचे आकडे बघा, पेट्रोलचे नव्हे. खरी कमतरता हळूहळू, आरपीएमबरोबर वाढत जाते आणि तेव्हा रेलचा दाबही मागणीच्या खाली घसरलेला दिसतो.

मिसफायर कोणत्या सिलिंडरवर आहे ते कळलं की कॉइलची अदलाबदल करा. दोषी कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर नेली आणि मिसफायर तिच्यामागे गेला, तर कॉइल खराब. जागीच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही जागीच, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवा. घाईत तिन्ही कॉइल आणि तिन्ही प्लग एकदम नवे टाकणारे गॅरेजवाले गाडी बरी करतात, पण काय बिघडलं होतं हे कोणालाच कळत नाही.

उष्णता-श्रेणी हा दुसरा मुद्दा. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच काजळी जळून जाते, आणि ८५० च्या पलीकडे गेलं तर तेच टोक ठिणगीशिवाय मिश्रण पेटवू लागतं. वाढीव ताकदीसाठी उष्णता सिलिंडर हेडकडे लवकर वाहून नेणारा 'थंड' प्लग लागतो. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड. एनजीकेचा ७ हा ६ पेक्षा थंड, डेन्सोत तेच २० आणि २२. बॉशमध्ये मोजणी उलटी. हे न बघता दुकानदाराने दिलेला 'मोठ्या नंबरचा' प्लग बसवला, तर भलत्याच दिशेने जाल. साध्या स्टेज १ साठी, रोजच्या शहरी गाडीला मूळ श्रेणीचाच प्लग, फट थोडी कमी करून, माझ्या मते पुरतो. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारायच्या असतील किंवा मोठा टर्बो बसवला असेल तर एक पायरी थंड. पुण्यातल्या सिग्नलमधून दोन-तीन किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्या गाडीत थंड प्लग घातले, तर ते कधी तापतच नाहीत आणि काजळून बसतात.

इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमीचं, कमी व्होल्टेजवर ठिणगी देतं आणि खूप टिकतं. म्हणून फट बदलताना त्या टोकाला हत्यार टेकवू नये. नाण्यासारखी गोल गेज आत सरकवून पट्टी उचकटण्याची जुनी सवय इथे महागात पडते. मोजायला तारेची गेज आणि वाकवायला फक्त बाहेरची पट्टी. निकेलचे प्लग स्वस्त, लवकर झिजतात, पण वाढीव बूस्टवर वरचेवर प्लग बदलायची शिस्त असेल तर चांगले चालतात. नामांकित प्लगच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. अर्ध्या किमतीचा इरिडियम दिसला तर तो इरिडियम नाही.

प्लग काढायचे ते इंजिन थंड असताना. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना आटे ओढून निघतात. आधी कॉइलच्या खोबणीत कंप्रेसरची हवा मारा, नाहीतर साचलेली वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. पावसाळ्यात तिथे पाणीही असतं. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, जोर लावू नका. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच ठेवा. बसवताना आधी हाताने फिरवा आणि मग टॉर्क पाना: अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी आट्याच्या वायसरवाल्या प्लगला २५-३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५-२०. तुमच्या इंजिनात कोणता, ते सर्व्हिस पुस्तिकेत बघा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका. त्याने पाना खोटं बोलतो आणि प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

आता उजेडात धरा, शक्यतो भिंगाखाली. चिनीमातीवर फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग असेल तर ठीक. ई२० वर तो आणखी पांढरट दिसतो, त्यामुळे नुसत्या पांढऱ्या रंगावरून पेट्रोल कमी पडतंय असं ठरवू नका. पांढऱ्यासोबत पृष्ठभाग फुगलेला, फेसाळलेला दिसला तर मात्र प्लग नक्की जास्त तापला आहे. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, प्लग फार थंड किंवा फक्त छोट्या फेऱ्या. ओली, चिकट काळसर झाक म्हणजे तेल, आणि तेल जळणाऱ्या इंजिनाचा बूस्ट वाढवण्याचा विचार तिथेच सोडावा. सगळ्यात गंभीर खूण बारीक असते: चिनीमातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे किंवा चकाकणारे ठिपके. चकाकणारा ठिपका पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचा असू शकतो. लॉगमध्ये ज्या सिलिंडरचा रिटार्ड एकटा वाढला होता, त्याच्याच प्लगवर हे ठिपके सापडले, तर दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत; गाडी तिथेच थांबवा. रंग वाचायचा तर तो पूर्ण भाराच्या फेरीनंतर लगेच इंजिन बंद करून, थंड झाल्यावर काढलेल्या प्लगवरूनच. वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचा प्लग फक्त ट्रॅफिकची गोष्ट सांगतो.

लॉगमध्ये नीट न पकडता येणारा एक धोका आहे. कमी आरपीएम, जास्त गिअर आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, या अवस्थेत थेट फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनात तेल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो. ठिणगी उशिरा टाकून उपयोग नाही, कारण आग ठिणगीने लावलेलीच नाही. इंजिनाच्या एक-दोन चक्रांतच दाब इतका चढतो की पिस्टनच्या रिंगमधली भिंत तुटू शकते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चौदाशे आरपीएमवर रेटत चढवणं म्हणजे या प्रकाराला आमंत्रण. गिअर खाली टाका. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच घ्या. एपीआयच्या 'एसएन प्लस' आणि नंतरच्या 'एसपी' दर्जात या दोषाची चाचणी मुद्दाम घातली आहे. रिमॅप करणाऱ्याला बजावून सांगा की दोन हजारांच्या खाली टॉर्क वाढवू नकोस. टेस्ट ड्राइव्हला तिथलाच जोर सगळ्यात झकास वाटतो, म्हणून तो वाढवायचा मोह असतो.

हे सगळं स्वच्छ निघालं तर रिमॅपचा विचार करा. गिअरबॉक्स विसरू नका. कोरड्या क्लचचा सात गिअरांचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरसाठी बनवला आहे. १.५ टीएसआय मुळातच २५० देतं, तिथे डीएसजी असेल तर मी रिमॅप करणार नाही. सायलेन्सरमधून फटाके वाजवणारे मॅप मला मुळीच पटत नाहीत. त्यात मुद्दाम सोडलेलं न जळलेलं पेट्रोल गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर पेटतं आणि कन्व्हर्टर जातो. कॅट काढूनच टाकणं तर प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही.

कायद्याची बाजूही उघड्या डोळ्यांनी बघावी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. वॉरंटी जाऊ शकते. फोक्सवॅगन गटाच्या यंत्रणेत बदललेली फाइल ओळखली गेली की गाडीच्या नोंदीवर 'टीडी१' हा शेरा बसतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी वर येतो. वॉरंटीतल्या गाडीला, माझं ऐकाल तर, फक्त लॉग घ्या.

ट्यूनरकडे जाताना मूळ फाइलवरचे तुमचे लॉग घेऊन जा. ते बघून त्याने प्रश्न विचारले तर माणूस योग्य आहे. न बघता बाजूला ठेवले आणि 'आमची फाइल सगळ्या गाड्यांवर चालते' म्हणाला, तर चहा पिऊन परत या. काम झाल्यावर त्याच गिअरमध्ये, त्याच पेट्रोलवर, त्याच डायनोवर नवे लॉग मागा, आणि मूळ फाइलची प्रतही. नव्या लॉगमध्ये ताकद किती वाढली हे शेवटी बघा. आधी रिटार्ड, मग हवेचं तापमान, मग रेलचा दाब. पहिल्या हजार किलोमीटरनंतर प्लग एकदा काढा, पुढे सर्व्हिस पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यावर बदला, आणि रिमॅप हिवाळ्यात केला असेल तर मे महिन्यात एक लॉग पुन्हा घ्या. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींनी तर नक्कीच.